डावीकडचं मागचं दार

धाकटीची गाडी म्हणजे चारचौघांच्या दारात असते तशी लहानशी पांढरी गाडी. बाजारहाट, पावसापाण्यात नवऱ्याला शाळेत सोडणं, वर्षाकाठी एखादा लांबचा प्रवास, एवढंच तिने आजवर केलेलं. ती गाडी घेऊन धाकटी एका सकाळी थोरलीच्या गॅरेजच्या दारात आली आणि काच खाली करून म्हणाली, "ताई, हिला जंगलात जायचंय."

थोरलीने हातातला पान्हासुद्धा खाली ठेवला नाही. "हिला, की तुला?"

"दोघींना."

प्रकरण असं होतं. धाकटीला नुकतीच नोकरी लागली होती. डोंगरातल्या जंगलात एका ओढ्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. आठवड्यातून एकदा तिथे जायचं, आकडे उतरवायचे, बॅटरी बदलायची, परत यायचं. कचेरीची जीप बिघडून पडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत आपापली गाडी वापरा असं साहेबांनी सांगितलं होतं. वाट म्हणजे पूर्वी लाकडं वाहणाऱ्या ट्रकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा.

साधी गाडी जंगलात न्यायची तर तिची जीप करायला जाऊ नये, हे थोरलीचं जुनं मत. पोट वाचवायचं, पाय घट्ट करायचे, अडकली तर ओढून काढायची सोय करायची; बाकी सगळं चालवणाऱ्याच्या डोक्यात. तिने स्प्रिंगांखाली जाड ठोकळे घालून गाडी वर घेतली. खोल नक्षीचे टायर चढवले. इंजिनाच्या पोटाखाली पोलादी पत्रा बसवला, पुढेमागे हूक जोडले. सैल वाटणाऱ्या प्रत्येक नळीला तारेचा वेढा देऊन तिचं टोक आत वळवलं. टोक बोटाला लागू नये म्हणून ते असं दुमडायची तिची लहानपणापासूनची खोड होती.

"जंगलातली वाट सुरू झाली की टायरातली हवा थोडी सोडायची," तिने धाकटीला बजावलं. "टायर पसरतो, माती धरतो. डांबरावर परत आलीस की हा पंप लाव. गाडी पाण्यात घालण्याआधी उतरून काठीने खोली बघ. आणि चाकोरी खोल असेल तर एक चाक उंचवट्यावर चढव, पोट घासू देऊ नकोस."

"आणि घाबरले तर?"

"तर मागे फिर. नोकऱ्या छप्पन्न मिळतात."

पहिल्या खेपेहून धाकटी हसत आली. गाडी चिखलाने माखलेली, आणि ती बक्षीस मिळाल्यासारखी खूश. थोरलीने गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, खालून धुतली, सगळं तपासलं. पत्र्यावर दोन ओरखडे. बस.

दुसऱ्या खेपेनंतर धुताना डावीकडच्या मागच्या दारापाशी तिचा हात थांबला. दाराच्या रबरी पट्टीवर, वरपासून खालपर्यंत, काळसर डिंकासारखं काहीतरी लिंपलं होतं. चिखल उडून बसलेला नव्हता. कुणीतरी बोटाने ओढत नेलेला एकसारखा थर होता, कोपऱ्यात जराही न तुटलेला. बोटावर घेऊन नाकाशी नेला तर ओल्या सालीचा वास आला. बाकी तीन दारं कोरडी होती.

"हे कुणाकडून करून घेतलंस?"

"काय?"

"दाराची फट बुजवलीय. धूळ येत होती तर मला सांगायचं."

धाकटीने वाकून पाहिलं. "मला काय माहीत? झाडाचा चीक लागला असेल."

थोरलीने डिंक लागलेलं बोट फडक्याला पुसलं. पण मनात पाल चुकचुकली. काम बेताचं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. काम चोख होतं. आपल्या सख्ख्या बहिणीने आपल्या पाठीमागे दुसऱ्या मेकॅनिककडे जावं आणि वर कानांवर हात ठेवावेत, हे तिला झोंबलं.

पुढच्या खेपेनंतर त्याच दाराची काच खाली होईना. थोरलीने दाराचं आतलं पॅनल काढलं. ते काढताना एखादी तरी प्लास्टिकची क्लिप मोडतेच, तिच्याही हातून मोडते. इथे सगळ्या क्लिपा शाबूत होत्या आणि आत, काच सरकते त्या पट्टीत, एक लाकडी खुंटी ठोकून बसवली होती. चाकूने तासलेली असावी असं वाटलं, पण पात्याची खूण कुठे दिसेना. नुसती घासून घासून गुळगुळीत केल्यासारखी.

तिने खुंटी खिशात टाकली आणि संध्याकाळी धाकटीला फोन केला. "गाडी तिथे कुठे ठेवतेस?"

"एक मोकळी जागा आहे. तिथून ओढ्यापर्यंत चालत जावं लागतं."

"किल्ली?"

"माझ्याजवळ. ताई, झालंय काय?"

"तिथे माणूस कोण असतो?"

"कुणीच नसतो. पूर्वी एक चौकीदार होता, तो बदली मागून गेला."

थोरली आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, कुणी असेल तर मला सांग. तुझ्या नवऱ्याच्या कानावर मी घालणार नाही."

पलीकडे धाकटी आधी हसली. थोरली हसत नाही हे कळल्यावर तिचा आवाज चढला. "तुला माझ्याबद्दल असं वाटतं? मी तिथे चिखल तुडवत आकडे लिहून आणते, आणि तू..." तिने फोन आपटला. पुढचे काही दिवस दोघींचं बोलणं बंद होतं.

पण खेप झाल्यावर गाडी तपासायला थोरलीकडेच आली. धाकटीचा नवरा घेऊन आला. शाळेत भूगोल शिकवणारा, अंगाने भरलेला, बोलण्यात मिश्कील माणूस. "ताई, तुम्ही दोघी भांडता आणि ड्रायव्हर मी होतो," तो म्हणाला. "गाडी एका बाजूला कलल्यासारखी वाटते. माझ्या वजनाने नव्हे, मी उतरल्यावरही तशीच राहते."

खरंच गाडी कलली होती. सपाट फरशीवर तिचा डावा मागचा कोपरा चांगला दोन बोटं वर उचललेला. थोरली खड्ड्यात उतरली. मागच्या डाव्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या, एकाआड एक, आणि त्या निसटू नयेत म्हणून तारेने बांधल्या होत्या. तिने तारेवरून बोट फिरवलं. दोन वेढे, आणि टोक आत वळवलेलं.

शेजारच्या नळीवरचा आपला वेढा तिने चाचपून पाहिला. अगदी तसाच.

ही तिची गाठ होती. ती तिने कुणाला शिकवली नव्हती. ती बघायची तर गाडीखाली उताणं पडून, सवडीने बघावी लागली असती.

वर येऊन तिने मागचं दार उघडलं. आतलं हँडल नव्हतं. त्याच्या जागी लाकडाचा गोल तुकडा इतका बेमालूम बसवला होता की बोटाला सांधा लागेना. ते दार आता फक्त बाहेरून उघडणार होतं.

"काय निघालं?" धाकटीच्या नवऱ्याने विचारलं.

"स्प्रिंग," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

तो गेल्यावर तिने डोकं शांत ठेवून, धंद्याच्या रीतीने विचार केला. फट बुजवली, काच पक्की केली, आतून दार उघडू नये अशी तजवीज केली, आणि त्या कोपऱ्याला बळ दिलं. गाडी ज्या ओझ्यासाठी तयार करतात ते ओझं कामावरून कळतं. हे त्या एका जागेवर बसणाऱ्या कुणासाठी तरी होतं. माणसापेक्षा बऱ्याच जड अशा कुणासाठी. आपण गाडी जंगलात जायला तयार केली. तिथे कुणीतरी ती जंगलातून बाहेर यायला तयार करत होतं. आणि जो बसणार, त्याने वाटेत उतरू नये अशीही त्या कुणाची तरी इच्छा होती.

तिने पाचरी काढल्या, डिंक खरवडला, नवं हँडल बसवलं आणि धाकटीला फोन करून एवढंच म्हणाली, "माझं चुकलं. पुढच्या खेपेला मी येते."

सकाळची उन्हं वर आल्यावर दोघी निघाल्या. डांबर संपलं तिथे थोरलीने चारी टायरांची हवा सोडली. धाकटी आता गाडी छान चालवत होती. पहिल्या गिअरमध्ये, घाबरून ब्रेक न मारता, एक चाक उंचवट्यावर ठेवून. थोरलीला तिचं कौतुक वाटलं, आणि आपण काय काय बोललो ते आठवून ओशाळल्यासारखंही झालं. झाडं दाट होत गेली. गाडी ओढ्याच्या एका उथळ फाट्यातून सुखरूप पार झाली.

मोकळी जागा अगदी साधी होती. गवत, ऊन, एक पडलेलं खोड. धाकटी बॅटरी खांद्याला लावून पायवाटेने निघून गेली. थोरली पुढच्या सीटवर बसून राहिली. कुणी आलं नाही. पाखरं ओरडत होती. तापलेलं इंजिन निवताना टिकटिक करत होतं. तिने मागे वळून पाहिलं, तर तिने बसवलेलं नवं हँडल जागेवर होतं. जिवात जीव आला.

पाय मोकळे करावेत म्हणून ती उतरली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आली. पट्टी बघायला तिने मागचं दार उघडलं. पट्टी स्वच्छ होती. मग तिची नजर जमिनीवर गेली.

चाकाच्या मागे गवत नव्हतं. तिथली माती दाबून, घासून तुकतुकीत झाली होती. अशी जागा तिने ओळखली. गॅरेजच्या फरशीवर तिची स्वतःची अशी एक जागा होती, वर्षानुवर्षं पाठीवर सरकत गाडीखाली जाऊन झालेली. खांदे टेकतात तिथे रुंद, टाचा रेटतात तिथे दोन खळगे. इथेही खांदे होते. खळगेही होते.

ते शोधत तिला चालत जावं लागलं. ते गाडीच्या मागे, थेट त्या पडलेल्या खोडापाशी होते.

ती तिथे वाकून बघत राहिली. पाखरं कधी थांबली ते तिला कळलं नाही. मागे वळली तेव्हा दार लावलेलं होतं. आपण ते कधी लावलं, हे तिला आठवेना.

धाकटी आली. "काय गं, तोंड असं का?"

"चल. मी चालवते."

उतारावर पहिल्या खोल चाकोरीतच मागून खर्रकन आवाज आला. डावी बाजू घासत होती. येताना याच जागी गाडी अलगद गेली होती.

"मागे काय ठेवलंस?"

"जुनी बॅटरी. ती पण उजवीकडे."

थोरलीने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. चढ आला तेव्हा इंजिन भरल्या गाडीसारखं दमलं. धाकटीने आपली सीट थोडी पुढे सरकवली.

डांबरावर आल्यावर हवा भरायला थांबणं भाग होतं. थोरलीने डाव्या मागच्या चाकाला पंप लावला आणि त्या दाराकडे पाठ न करता उभी राहिली. काचेतून आत हँडलची जागा दिसत होती. तिथे गुळगुळीत लाकूड होतं.

"ताई," धाकटी दुसऱ्या बाजूने म्हणाली, "आपण दार नको उघडूया."

"नको."

गाडी तिने गॅरेजच्या अंगणात आणून लावली आणि धाकटीला रिक्षाने घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच उभी होती, डावीकडे दबलेली. थोरलीने बाकीची कामं काढली. गाडीचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. कुणाला विचारावं तर काय विचारावं? दुपारी ती सुटे भाग आणायला बाजारात गेली. परत आली तर अंगण रिकामं.

धाकटीच्या घरासमोर गाडी उभी होती. डावा मागचा कोपरा ओझं उतरल्यासारखा मोकळा होऊन वर आलेला.

दार धाकटीच्या नवऱ्याने उघडलं. "या ताई! गाडी मीच आणली. दुसरी किल्ली होती माझ्याकडे. शाळेतून भिंतीवरचे नकाशे आणायचे होते, तुम्ही गॅरेजमध्ये नव्हतात."

"मागचं दार उघडलंत?"

"उघडलं की. नकाशे काय डोक्यावर ठेवणार?" तो हसला आणि जाऊन बसला, चपलांच्या फळीजवळच्या बुटक्या स्टुलावर. गुडघे पार हनुवटीशी आले. खिडकीजवळचा सोफा, ज्याच्यावर तो इतर कुणाला टेकू देत नसे, रिकामा होता.

"तिथे का बसलात?"

"कुठे?" त्याने स्टुलाकडे पाहिलं, जणू आत्ताच दिसलं. "बरं आहे की. पाठ सरळ राहते."

थोरलीला त्याने खुर्ची दाखवली. धाकटी चहा घेऊन आली, स्वतःचा कप घेऊन खाली भिंतीला टेकून बसली, पाय लांब सोडून. तिचा चेहरा कालच्यापेक्षा शांत होता. कचेरीची जीप दुरुस्त झाली होती. "आता मला आपली गाडी न्यायची गरज नाही," ती म्हणाली. "कालचं आठवलं की हसू येतं बघ, ताई. कसल्या घाबरलो आपण."

नवऱ्याने शाळेतली कसलीतरी गंमत सांगायला घेतली. कुठल्याशा मुलाने नकाशात समुद्राला हिरवा रंग दिला होता. सांगता सांगता त्याने गुडघे एका बाजूला वळवले आणि अंग चोरलं. धाकटीने पाय पोटाशी घेतले. भरल्या रांगेतून कुणाला पलीकडे जाऊ द्यायला आपण सरकतो, तसं. दोघांनीही मान वर करून पाहिलं नाही. गंमत तुटली नाही. क्षणभराने धाकटीने पाय पुन्हा लांब केले.

थोरली ओरडणार होती. तिने खाली पाहिलं.

तिचेही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले होते.