खिळ्यावरची रोटी

खिंडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या शेवटच्या वळणावर सुयुनबायचं गॅरेज होतं आणि त्यामागे त्याची एकट्याची खोली. दुपारी एक जुनी रशियन जीप धापा टाकत आली आणि दारातच बंद पडली. चालवणारी बुरुल, बाजारात लोकर विकणारी जाडजूड बाई, उतरताच गाडीच्या नावाने बोटं मोडू लागली.

"उस्ताद, ही पाणी पिते. माझा याकसुद्धा एवढं पीत नाही. आणि गळत तर कुठेच नाही."

"गळत नाही म्हणजे आत जातंय, ताई."

तेल त्याने पाहिलं. काळंच होतं, पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. मग प्लग काढले. सगळे काजळलेले, एकच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं. प्लग बसवून, रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडं ठेवून त्याने इंजिन चालू केलं. तोंडाशी बुडबुडे आले. हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचा पाणी अडवणारा पातळ पत्रा, गेलं होतं. रोग सापडला की त्याला बरं वाटायचं. तेवढा वेळ एकटेपणा टोचत नसे.

त्याने इंजिन बंद केलं. बुडबुडे थांबले नाहीत.

पाणी तापलंय, होतं असं, म्हणून तो दारातच बुरुलबरोबर चहाला बसला. जीपचं इंजिन तिने दरीतल्या भंगारवाल्याकडून दुसऱ्या गाडीचं घेतलं होतं. बोलता बोलता ऊन डोंगराआड गेलं. बॉनेट हाताला गार लागलं तरी पाण्यात बुडबुडा येतच होता. एक यायचा, खंड पडायचा, मग दुसरा. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

त्याने फडक्याने हेडखालची फट पुसली. मळातून तांब्याचा इवलासा कान बाहेर आला.

धरायला सोपं जावं म्हणून असा कान ठेवून, तांब्याचा पत्रा हाताने कापून गास्केट त्याने आयुष्यात एकदाच केलं होतं. एर्मेकच्या, म्हणजे मुलाच्या जीपसाठी. बर्फाच्या दिवसांत एर्मेक खिंड चढून गेला तो गेलाच. निघताना रिवाजाप्रमाणे त्याने रोटीचा घास तोडला, उरलेली सुयुनबायने खोलीतल्या खिळ्याला टांगली. परत येणाऱ्याने ती संपवायची असते. गाव म्हणे, आता ती काढ, पाखरांना घाल, दुवा पढ. तो कुणाला हात लावू देत नसे. रोटी टांगलेली आहे तोवर पोर वाटेत आहे, एवढाच त्याला आधार होता.

"या इंजिनाची गाडी... तिच्यातला माणूस?"

"गाडी रिकामीच होती म्हणे. पण दारं आतून लावलेली." बुरुलने रेडिएटरमध्ये डोकावून पाहिलं. "घ्या, थांबले तुमचे बुडबुडे."

पाणी निश्चल होतं. बोटभर खाली गेलं होतं.

सुयुनबायला तिथे थांबवेना. बादली आणतो म्हणून तो मागे गेला.

खोलीच्या दाराची कडी बाहेरून लावलेली होती, त्यानेच सकाळी लावली तशी.

आत रोटी खिळ्यावर होती. दगडासारखी वाळलेली, एर्मेकच्या घासाची खाच तशीच.

तिच्या शेजारी दुसरी खाच होती.

त्याने तिच्यावरून बोट फिरवलं. कड मऊ आणि ओली होती, तिला गंजलेल्या पाण्याचा वास येत होता. बाकीची रोटी जशीच्या तशी होती. परतलेला माणूस ती संपवतो. एकच घास निघणारा घेतो.