दुसऱ्याच्या मनगटावर

महिन्याच्या एक तारखेला संस्थेच्या दवाखान्याच्या खिडकीसमोर संशोधक विद्यार्थ्यांची रांग लागे. परिचारिका नाव विचारी, यादीत खूण करी आणि टपालाच्या तिकिटाएवढी, कातडीच्या रंगाची एक पट्टी हातावर ठेवी. संध्याकाळपर्यंत लावून घ्या, एवढंच सांगे. रांगेतली माणसं प्रबंधाच्या, परत आलेल्या शोधनिबंधांच्या, मेसमधल्या भाजीच्या गप्पा मारत. पट्टीबद्दल कुणी बोलत नसे.

तिला स्वास्थ्यपट्टी म्हणत. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवली की ती घामातलं कॉर्टिसॉल मोजे. हे संप्रेरक माणूस ताणाखाली असला की शरीरात वाढतं. सोबत हृदयाचे ठोकेही ती मोजत राही. सगळं ठीक असेल तर फोनवर हिरवा रंग दिसे, ताण वाढला की पिवळा, फार वाढला की लाल. तोच रंग स्वास्थ्य अधिकारी नाईकवाडे यांच्या पडद्यावरही उमटे.

चार वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत कोसळली होती. सहा महिने ती कुणाशी धड बोलली नव्हती आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. असं पुन्हा होऊ नये म्हणून पट्ट्या आल्या. सलग दोन महिने लाल रंग राहिला तर सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती, असा नियम झाला. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

श्रावस्ती गजभियेचा मागचा महिना लाल गेला होता.

भंडारा जिल्ह्यात, साकोलीपासून अर्ध्या तासावर, ऐन-अर्जुनाच्या जंगलाला लागून असलेल्या या संस्थेत ती कोसा रेशमाच्या अळ्यांवर काम करायची. टसर रेशमाला इकडे कोसा म्हणतात. त्याच्या अळ्या घरात नव्हे, झाडावर वाढतात. पेब्रीन नावाचा रोग त्यांच्यात आईकडून अंड्यांत उतरतो आणि एखादं पीक आठ दिवसांत संपवतो. या रोगाला टिकून राहणारा वाण तयार करणं हे श्रावस्तीचं काम होतं. तिची आधीची दोन पिकं मेली होती. शोधनिबंध दोनदा परत आला होता. दुसऱ्या वेळी परीक्षकाने लिहिलं होतं की लेखिकेला आपल्याच प्रयोगाचा अर्थ समजलेला दिसत नाही. ते वाक्य तिला पाठ झालं होतं. दात घासताना, जेवताना ते आपोआप आठवे. तिचे मार्गदर्शक डॉ. टेंभेकर रागावत नसत. ते नुसते "बरं" म्हणत आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळत. ते तिला जास्त लागायचं.

नागपूरला तिचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, भेटेल त्याला आमची पोरगी शास्त्रज्ञ आहे म्हणून सांगायचे. दर रविवारी ते फोन करत. ती सगळं छान चाललंय म्हणायची, फोन ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची.

दुसरा महिना लाल गेला असता तर विश्रांती घ्यावी लागली असती. तोवर अळ्या कोश विणून मोकळ्या झाल्या असत्या, तिसरं पीकही हातचं गेलं असतं आणि मार्चमध्ये प्रबंधाची मुदत संपली असती. त्या महिन्याची पट्टी ती दिवसभर खिशात घेऊन फिरली.

पट्टीची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्या दिवशी ती ज्या मनगटावर लागे, त्याच्या नाडीची चाल ती ओळखून ठेवी आणि महिनाभर तेच मनगट आपलं माने. मनगट नेमकं कुणाचं, हे तिला कळत नसे.

संध्याकाळी श्रावस्ती झाडांच्या राखणीला असलेल्या सखुबाई दिघोरेंकडे गेली. सखुबाई पन्नाशीच्या, शेजारच्या गावच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या कोसा होत होता. पक्षी, मुंग्या, सरडे यांच्यापासून अळ्या वाचवायच्या, पाला संपला की त्यांना अलगद दुसऱ्या झाडावर न्यायचं, हे त्यांचं काम. श्रावस्तीने त्यांच्याइतकं शांत माणूस पाहिलं नव्हतं. ही पट्टी एका प्रयोगासाठी लावायची आहे, बाहेर माणसांच्या अंगावर कशी चालते ते बघायचंय, असं तिने त्यांना सांगितलं. सखुबाईंनी लगेच बांगड्या मागे सारून हात पुढे केला. श्रावस्तीने स्वतःच्या मनगटावर जुनी, संपलेली पट्टी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या नावापुढे हिरवा रंग दिसू लागला.

नवी पट्टी लावून पुढचा महिनाही तसाच गेला. सखुबाईंना त्या पट्टीचा अभिमान वाटे. आपण म्याडमच्या प्रयोगात आहोत, हे त्यांनी गावात सांगितलं होतं. आंघोळीच्या वेळी त्या हातावर प्लास्टिक गुंडाळत, पट्टी भिजू नये म्हणून. श्रावस्तीने एकदा ते पाहिलं आणि त्यानंतर आठवडाभर तिला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

इकडे नाईकवाडेंना तिचं फार कौतुक. लालवरून थेट हिरव्यावर आलेली विद्यार्थिनी त्यांनी प्रथमच पाहिली होती. त्यांनी तिला नव्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभं केलं. श्रावस्ती वेळेवर झोपण्याबद्दल बोलली, चालायला जाण्याबद्दल बोलली. मागच्या बाकावर यवतमाळची सादिया काझी वहीत सगळं उतरवून घेत होती. कार्यक्रमानंतर ती जवळ आली. तिचा पहिला महिना लाल गेला होता आणि दुसराही लालच चालला होता.

"ताई, मी हे सगळं करते," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मलाच का जमत नाही?"

"सवयीने जमतं," श्रावस्ती म्हणाली.

सादियाने मान हलवली. महिनाअखेरीस ती सक्तीच्या विश्रांतीवर घरी गेली.

या वेळी अळ्या मात्र जगल्या. शंभरातल्या ऐंशी टिकल्या होत्या. मुदतवाढीच्या समितीची बैठक तीन दिवसांवर आली होती. श्रावस्ती आलेख लावत बसली असताना फोनवर संदेश आला. तुमच्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली आहे, चोवीस तासांत डॉक्टरांना भेटा, असं त्यात लिहिलं होतं.

ती घाबरली. दुसऱ्याच क्षणी ते हृदय आपलं नाही हे आठवलं आणि तिला हायसं वाटलं. पुढे पुष्कळ दिवस तिला सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याचीच वाटत राहिली.

संदेशाखाली एक चौकोन होता: 'मी डॉक्टरांना भेटले आहे.' तो दाबला नाही तर संदेश दुसऱ्या दिवशी नाईकवाडेंकडे गेला असता. तिने तो दाबला आणि झाडांकडे गेली. सखुबाई अर्जुनाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. एरवी त्या कामाच्या वेळी बसत नसत.

थकल्यासारख्या दिसता, एकदा दवाखान्यात दाखवून या, असं श्रावस्ती म्हणाली. अळ्या कोश धरायला आल्या असताना मी कुठं जाऊ, असं म्हणून सखुबाई हसल्या. जरा धाप लागते, पण उन्हाचं असेल.

"तरी पण मावशी, एकदा जाऊन या."

"तब्येत बिघडली असती त या पट्टीनं सांगतलं नसतं का, म्याडम?" सखुबाई मनगट वर करून म्हणाल्या. "घरच्यायलेही मी तेच सांगतो. माया हातावर मशीन हाय, मले काई झालं त म्याडमले पयले समजते."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. श्रावस्तीच्या मनात वाक्य तयारही झालं होतं. पण खरं कळलं की सखुबाई लगेच डॉक्टरांकडे जातील, डॉक्टर पट्टी पाहतील, कुणाची म्हणून विचारतील. तीन दिवस फक्त, असं तिने स्वतःला सांगितलं. बैठक झाली की मी स्वतः यांना नागपूरला घेऊन जाईन.

बैठक सकाळी अकराला सुरू झाली. समोर पाचजण होते, डॉ. टेंभेकर एका टोकाला, नाईकवाडे दुसऱ्या. श्रावस्ती बोलत गेली तसे डॉ. टेंभेकर पुढे सरकून बसले. जगलेल्या अळ्यांच्या आलेखावर त्यांनी प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं आणि ते म्हणाले, "हे काम चांगलं झालंय." तीन वर्षांत ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते.

नाईकवाडेंचा फोन वाजला तो तेवढ्यात. त्यांनी पाहिलं, मग श्रावस्तीकडे पाहिलं.

"गजभिये, तुमच्या नावाने तातडीचा इशारा आलाय. हृदय बंद पडायला आलंय म्हणते पट्टी." ते हसले. बाकीचेही हसले. ती तर समोर धडधाकट उभी होती. "बिघडलेली दिसते. बैठक झाली की बदलून घ्या," असं म्हणत त्यांनी इशारा बंद करायला बोट पुढे नेलं.

श्रावस्तीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. सखुबाई कदाचित पाणी प्यायला बसल्या असतील. पट्टी खरंच बिघडली असेल. पडद्यावर तिचा आलेख तसाच उजळ दिसत होता. अध्यक्षांनी पुढचं बोला अशी खूण केली. ती पुढचं वाक्य बोललीसुद्धा. मग ती नाईकवाडेंकडे वळली.

"ती पट्टी माझ्या हातावर नाही. सखुबाई दिघोरेंच्या हातावर आहे. अर्जुनाच्या तिसऱ्या रांगेत आहेत त्या. माणसं पाठवा."

सखुबाई झाडाखाली पडलेल्या सापडल्या. रुग्णवाहिकेतल्या यंत्राने त्यांचं हृदय दोनदा सावरलं. नागपूरला पोचल्यावर छातीत ठोके चालू ठेवणारं यंत्र बसवलं गेलं आणि त्या वाचल्या.

चौकशी पंधरा दिवस चालली. बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. इशारा वाजल्यापासून श्रावस्तीने तोंड उघडेपर्यंत बावन्न सेकंद गेले होते, असं चौकशी समितीने नोंदवलं. आपण लगेच बोललो, अशी तिची खात्री होती. ते मुद्रण तिला दोनदा ऐकवण्यात आलं. त्यात मध्येच तिचाच आवाज होता, शांत, रोगबीजांच्या प्रमाणाबद्दल बोलणारा.

मग समितीने सगळ्यांच्याच पट्ट्या तपासल्या. त्रेचाळीस विद्यार्थ्यांपैकी एकोणीस जणांच्या पट्टीतली नाडी त्यांची नव्हती. एक पट्टी मेसच्या स्वयंपाक्याच्या हातावर निघाली, एक माळ्याच्या, एक ग्रंथालयात पुस्तकं झटकणाऱ्या बाईंच्या. ज्यांच्या मनगटाकडे कुणी पाहत नव्हतं, अशाच माणसांची ती मनगटं होती. ते एकोणीसजण रोज एकाच मेसमध्ये जेवत होते आणि आपण एकटेच कमी पडतोय असं प्रत्येकाला वाटत होतं. सादियाची पट्टी सादियाच्याच हातावर होती.

श्रावस्तीने तिला फोन करून सगळं सांगितलं. "मी घरी सांगितलं होतं की दोष माझ्यातच आहे," सादिया म्हणाली. "आता हे त्यांना तुम्हीच सांगा." श्रावस्तीने सांगितलं. सादियाच्या आईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

वडिलांना सांगणं त्याहून जड गेलं. ते रागावले नाहीत. जेवलीस का, एवढंच त्यांनी विचारलं.

श्रावस्तीला एक वर्षासाठी संस्थेतून दूर केलं गेलं. वाण चांगला होता, तो डॉ. टेंभेकरांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवला. तिने तक्रार केली नाही. सामान आवरलं त्याच दुपारी ती नागपूरच्या रुग्णालयात गेली.

सखुबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सुनेला स्टूल आणायला पाठवलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, याच त्या म्याडम, यांच्या पट्टीनं मले वाचवलं. साऱ्या गावात तेच म्हणतात, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी श्रावस्तीचा हात हातात घेतला.

तो हात सोडवून घेता येत नव्हता आणि धरून ठेवता येत नव्हता. श्रावस्तीने तसंच बसून सांगायला सुरुवात केली. प्रयोग नव्हताच. पट्टी तिची होती. स्वतःचं मन ठिकाणावर नाही हे कुणाला कळू नये म्हणून तिने ती त्यांच्या हाताला लावली. मग ज्याबद्दल सखुबाईंना कुणीच काही सांगितलं नव्हतं, तेही तिने सांगितलं. तीन दिवस आधी संदेश आला होता. तो तिने वाचला आणि खोटं उत्तर देऊन बंद केला. त्या मनगट वर करून बोलत होत्या, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

सखुबाईंनी हात काढून घेतला नाही. त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. सून स्टूल घेऊन आली आणि दोघींची तोंडं पाहून परत बाहेर गेली. मग सखुबाईंनी मान वळवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या झाडाचा पाला किती दिवस पुरेल हे विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

"त्या तीन दिवसांत मी मेली असती, म्याडम, त ती पट्टी माया हातावर होती, हे तुमी कोणाले सांगतलं असतं का?"

श्रावस्तीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते खरं आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.