काळ्या खडकावरची दोन पानं

डोळे मिटा पाहू, बाळांनो. समोर खवळलेला दर्या आणि त्यात एकटाच उभा काळा खडक. माथ्यावरच्या फटीत, मूठभर मातीत, गुडघ्याएवढं एक झुडूप. तसलं दुसरं झुडूप कुणाच्याच पाहण्यात नव्हतं!

२००४ साली कोकणातल्या मिठबाव गावाहून एक होडी निघाली ती त्याची पानं आणायला. फूल रानातल्या कुड्याच्या झाडासारखं, म्हणून सगळे त्याला कुड्याचं भावंड म्हणत. वनस्पतींच्या अभ्यासक जानकीताईंना ते पटत नसे. "तोंडावळ्यावरून नातं ठरत नाही," त्या म्हणत. "पानाच्या कणाकणात डीएनएचा लांबलचक धागा असतो. दोन झाडांचे धागे ताडून बघा, कोण कुणाचं सख्खं ते कळतं."

होडी गुणाजीची. सोबत त्याची बारा वर्षांची पुतणी योगिनी, कड्यावर शेळीसारखी चढणारी.

"ताईनू, दर्यो फुगलो आसा. उद्या जाऊया."

"उद्या उद्या करत तीन वर्षं गेली, गुणाजी!"

खडकाला लागताना लाट आली. धाडकन! पाण्याचा कॅन वाहून गेला; उरली एक बाटली. ताई आणि योगिनी वर चढल्या. झुडपाला सहाच पानं होती, ताईंनी चार खुडली. उतरताना शेवाळावरून पाय सटकला. कडाक! ताईंचा उजवा हात कोपराखाली वाकडा झाला.

तोवर लाटा एवढ्या उसळल्या की होडी सोडणं म्हणजे मरण. रात्र खडकावरच काढायची होती. वेदनेने विव्हळत ताईंनी पानांची पिशवी योगिनीच्या हाती दिली. "जिवापाड जप!"

योगिनीने जपली, पण तिच्या घरच्या रीतीने. तिची आई अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायची. फुलं ओल्या फडक्यात ठेवली की सकाळी ताजी, हेच तिला ठाऊक. बाटलीतले तिच्या वाटचे घोट तिने प्याले नाहीत, पानांवर शिंपडले. स्वतः रात्रभर तहानलेलीच राहिली.

सकाळी ताईंनी पिशवी उघडली. पानं काळी, बुळबुळीत. पिशवीतले ओल शोषणारे निळे दाणे गुलाबी पडलेले.

"पाणी घातलंस? मूर्ख पोरी! ही वाळवायची असतात! कुजली की धाग्याचा चुरा होतो!"

"फुला अशीच ताजी रवतत, ताई..." योगिनी सुकलेल्या ओठांनी पुटपुटली.

"वर दोन उरलीत. आण! उन्हात वाळवू."

गुणाजी मध्ये पडला. "ती काढल्यार झाड मरतला."

"मरू दे! नातं तरी कळेल!"

योगिनी चढली. बोटं सोलवटली. माथ्यावर झुडूप वाऱ्यात थरथरत होतं. दोन पानं, एक कळी. तिने पान चिमटीत धरलं. एक झटका, की तिची चूक पुसली जाणार होती!

"तोड!" खालून ताई किंचाळल्या.

नातं कळेल. पण नातलग कुठे उरेल?

तिने चिमूट सोडली.

रिकाम्या हाताने ती खाली आली. ताईंनी डाव्या हाताने तिच्या थोबाडीत भडकावली. गुणाजी धावला, पण योगिनीने त्याला थांबवलं.

"माका मारा, ताई. झाड रवांदे."

ताई मटकन बसल्या. तीन वर्षं ज्यासाठी घालवली, ते समोर माथ्यावर होतं आणि ते मिळणार नव्हतं. वर वाऱ्यात हलणाऱ्या झुडपाकडे त्यांनी पाहिलं. मग "राहू दे ते," म्हणत त्यांनी मान खाली घातली.

लाटा जरा ओसरल्या होत्या. गालावर पाच बोटं उमटलेल्या योगिनीने ताईंच्या बऱ्या बगलेखाली खांदा दिला, त्यांना होडीत बसवलं आणि काकाच्या जोडीने वल्हं मारायला घेतलं.