मंगळवारची गाडी

"पोरी, माझ्याकडे चोरी झालीय."

"काय गेलं, सिक्स्टन?"

फोनवर म्हातारा म्हणाला, "बोटाएवढा तुकडा. पण त्याच्याबरोबर माझा हिवाळा गेला."

गुनहिल्ड नॉरबेर्यनं कॉफी तशीच टाकली आणि गाडी काढली. त्या सगळ्या मुलखात पोलीस म्हणून ती एकटीच. रस्त्याला दोन्हीकडून पाइनचं रान, मध्येच एखादं लाल घर, मग पुन्हा रान. एका घराचा धूर दुसऱ्या घराला दिसू नये इतकी ती घरं लांब लांब.

सिक्स्टन लिंडमार्क कोठाराच्या दारातच उभा होता. डोक्याला कानटोपी, अंगात घरातलंच स्वेटर. थंडीनं ओठ निळे पडले होते, पण आत जायचं त्याला सुचलं नव्हतं.

कोठारात ती उभी होती. सैन्यात निरोप पोचवायला वापरायचे तसली जुनी गाडी. आखूड नाक, फुगीर पोट, म्हणून बूडेनच्या लष्करी छावणीतली पोरं तिला डुकरीण म्हणायची. सिक्स्टननं विशीत तसलीच एक चालवली होती. ही त्याला खडीच्या खाणीत सापडली तेव्हा तिच्या तळातून भूर्जाचं झाड उगवलं होतं. झाड कापून तिला घरी आणली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी तिची हाडं एकेक करून जुळवली. तो आणि त्याचा छावणीतला जोडीदार हेल्मर. दोन हिवाळ्यांपासून फिनलंडचा पेंटीसुद्धा.

"काय नेलं?"

"रोटर. तो फिरला तर प्लगांना ठिणगी पोचते. तो नाही तर ही नुसतं लोखंड आहे. डब्यात जोडीचा होता, तोही नेला."

"नवा मागव."

"दक्षिणेतून यायला आठवडे लागतात. तळ्यावरचा बर्फ तेवढा थांबेल का?"

"बर्फाचं काय काम?"

सिक्स्टननं तिच्याकडे पाहिलं. सरळ नाही, तिच्या कानाच्या बाजूला कुठंतरी.

"तू असा तिरका का बघतोस?"

"सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. कडेकडेनं दिसतेस." तो थोडा थांबला. "डॉक्टरीण म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात कडाही राहणार नाहीत. रस्त्यावर मी आता सायकलसुद्धा काढत नाही. पण तळ्यावर गावानं नांगरलेली वाट आहे, इकडून पलीकडच्या काठापर्यंत. तिथं आडवं कोण येणार? एकदा मला हिला घेऊन तिथून जायचंय. माझ्या हातांनी, माझ्या डोळ्यांनी. आज सकाळीच जाणार होतो. मग काय, चालू झाली की द्यायची असा संग्रहालयवाल्यांना शब्द दिलाय, नेऊ देत."

"हेल्मरला हे माहीत आहे?"

"डोळ्यांचं? वेड लागलंय का मला! मग तो माझ्या हातात साधा पाना तरी देईल का? त्याला म्हटलं, उन्हाळ्यात काढू बाहेर. सकाळी एकटाच जाणार होतो."

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. शरदात पेट्रोलच्या पंपातला रबरी पडदा नाहीसा झाला होता. नाताळाच्या तोंडावर चांगली कॉइल जाऊन तिच्या जागी मेलेली आली होती. तेव्हा सिक्स्टननं स्वतःच्याच आंधळेपणाला बोल लावला होता. आता नाही.

"कुणावर संशय?"

"त्या फिन्यावर. त्यानं गाडी विकत मागितली होती. दोनदा. सांग त्याला, पुन्हा या कोठारात पाऊल टाकू नकोस म्हणावं."

गुनहिल्ड गाडीभोवती फिरली. कुलूप शाबूत. किल्ली दाराच्या चौकटीवर, जिथं सगळ्यांना माहीत तिथंच. गाडीच्या पोटाखाली बर्फाचा काचेसारखा पातळ थर पसरला होता, आणि इंजिनातलं पाणी सोडायचे दोन्ही नळ उघडे होते.

"हे पाणी?"

"ते पण सांडून गेला, हलकट! काल संध्याकाळी गळतीची परीक्षा करायला साधंच पाणी भरलं होतं आम्ही. पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ महाग, गळालं तर वाया. पेंटीनं आणलेला कॅन तो बघ, दारामागं, अजून सील आहे. पाणी काढून ठेवायचं मी विसरलो. पहाटे आठवलं तेव्हा काळजात चर्र झालं. बाहेर उणे पंचवीस."

"पाणी भरताना पेंटी होता?"

"नाही. कॅन ठेवला, कॉफी प्याला आणि गेला. त्याची सकाळची पाळी असते."

"आज तू गाडीत बसलास?"

"कुठला! दारातून हात घालून बटण दाबलं. इंजिन फिरलं, पेटेना. मग झाकण काढून चाचपलं."

गुनहिल्डनं गाडीचं दार उघडलं. स्टिअरिंगला एक लहान लाकडी पाटी टांगली होती. दोरीला दोन वेढे, गाठ नीट, अक्षरं चालकाकडे: पाणी काढले आहे. इंजिन सुरू करू नये. तिनं पाटी तशीच राहू दिली आणि दार लावून घेतलं.

*

पेंटी तिला लाकडाच्या गिरणीवर भेटला. उंच, खांदे पडलेले, भुवयांवर भुसा.

"रोटर?" तो म्हणाला. "दोन्ही? आणि म्हातारा म्हणतो मी नेले?"

"गाडी मागितली होतीस ना?"

"दोनदा. दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदाही मागेन. मागणं म्हणजे चोरणं आहे का तुमच्या देशात?"

"काल निघताना गाडीत काय होतं?"

"माझं अँटीफ्रीझ. म्हणजे ते भरणार होते."

"भरलं नाही. साधं पाणी भरलं आणि तसंच राहिलं."

पेंटी उठून उभा राहिला. ढकललेलं बाक मागं आडवं झालं.

"साधं? आणि उणे पंचवीस? इंजिनाचा ब्लॉक फुटला का? अगं बाई, बोल ना, ब्लॉक फुटला का?"

"नाही फुटला."

"जीझस." तो बाक उचलून पुन्हा बसला. "मग मी कधी जाऊ तिकडे? मंगळवारी?"

"सिक्स्टन म्हणतो, येऊ नकोस."

पेंटी गिरणीच्या पात्याकडे बघत राहिला. "इथं मला सगळे 'तो गिरणीवरचा' म्हणतात. त्या कोठारात निदान फिन्या म्हणतात."

*

हेल्मरचं घर तळ्याच्या वळणावर, शेवटचं. गुनहिल्डनं दार वाजवलं तेव्हा आत दोन माणसं बोलत होती. दार उघडल्यावर कळलं की तो रेडिओ होता. स्वयंपाकघरात एक, झोपायच्या खोलीत एक. दोन्ही मोठ्यानं.

ओसरीत कामाचे निळे कपडे टांगले होते. धुतलेले, आणि पॅन्टला इस्त्रीची धार.

"बस," हेल्मर म्हणाला. त्यानं तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून कप पुढे केला. समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रांची चळत उचलावी लागली. तिथं बऱ्याच दिवसांत कुणी बसलं नव्हतं.

"सिक्स्टनचे रोटर गेले."

"कळलं. त्यानं फोन केला होता."

"काल कधी निघालास तिथून?"

"उजेड होता तेव्हाच."

"गाडीत काय होतं?"

"साधं पाणी. गळतंय का ते बघायला."

"ते काढून ठेवलं होतं?"

"सिक्स्टन काढणार होता."

"तो विसरला."

"हं."

"थंडी कडक पडली होती."

"पडली होती खरी." हेल्मरनं चमच्यानं चीज बुडवलं. "सिक्स्टन फार चिडलाय का गं?"

"चिडलाय. पेंटीला यायचं बंद केलं."

हेल्मरचा चमचा थांबला. "पेंटी तसला नाही," तो म्हणाला. मग चमचा बशीत ठेवत, "मला तरी नाही वाटत."

गुनहिल्डनं कॉफी संपवली. निघताना तिनं मागं वळून पाहिलं. हेल्मर खिडकीत उभा होता आणि त्याच्या पाठीमागं रेडिओवर कुणीतरी खळखळून हसत होतं.

*

दुपारी तिनं तिघांना सिक्स्टनच्या स्वयंपाकघरात बसवलं. पेंटी दाराजवळ, कोट न काढता. सिक्स्टन चुलीकडे तोंड करून.

"त्याला का आणलंस?" सिक्स्टन म्हणाला.

"ऐकून घे आधी. चोरानं दोन गोष्टी केल्या. रोटर नेले आणि पाणी सोडलं. तू दोन्हीला नुकसान म्हणालास. पाणी आत राहिलं असतं तर काय झालं असतं?"

"गोठून फुगलं असतं आणि ब्लॉक फुटला असता. सगळी वर्षं पाण्यात."

"म्हणजे चोरानं तुझं इंजिन वाचवलं."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"वैरी असता तर रोटर घेऊन गेला असता, बाकीचं थंडीनं केलं असतं. पण हा गाडीखाली आडवा झाला, गारठलेल्या बोटांनी दोन्ही नळ उघडले. आणि मग स्टिअरिंगला पाटी टांगली."

"कसली पाटी?" सिक्स्टननं विचारलं.

"तुला ती दिसली नाही. पाणी काढल्याची."

सिक्स्टनचा चेहरा हळूहळू वळला. "छावणीतली पाटी," तो पुटपुटला. "पाणी काढलं की पाटी. नाही लावली तर सार्जंट बर्फात उभं करायचा."

"चोरी करायला आलेला माणूस पाटी लावून जात नाही. ती डोक्यानं लावलेली नाही, हातांनी लावलीय. ज्या हातांना विशीत तसं वळण लागलं, त्या हातांनी. तसे दोघेच आहेत, तू आणि..." ती थांबली. "पण सवय कुणालाही लागू शकते, म्हणून मी आणखी एक केलं. दोघांनाही सांगितलं की पाणी आत राहिलं होतं आणि थंडी कडक होती. पेंटीनं बाक पाडलं. ब्लॉक फुटला का, हाच त्याचा पहिला प्रश्न. गाडीत अँटीफ्रीझ आहे असंच तो धरून चालला होता. तो पाणी सोडायला कशाला जाईल? दुसरा ही गाडी माझ्याहून, पेंटीहून जास्त ओळखतो. त्यानं इंजिनाचं विचारलंच नाही. कारण त्याला माहीत होतं की ते शाबूत आहे. त्यानं एवढंच विचारलं, सिक्स्टन फार चिडलाय का."

हेल्मरनं शर्टाच्या खिशातून तेलकट कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"दोन्ही आहेत," तो म्हणाला. "पडदा आणि कॉइल घरी आहेत. पुसून ठेवलेत."

"का?" सिक्स्टनचा आवाज फाटला. "हेल्मर, का रे?"

"ती चालू झाली की संग्रहालयवाले नेणार. मग मंगळवारी मी कुठं जाऊ?" हेल्मर टेबलाकडे बघून बोलत होता. "माझी स्वेआ वारल्यापासून आठवड्यातले सहा दिवस घरात रेडिओ बोलतो. चांगला बोलतो. पण त्याला उत्तर देता येत नाही, म्हाताऱ्या. मला वाटलं, अजून एक उन्हाळा. तुला कुठं घाई आहे?"

"घाई!" सिक्स्टन उठला. टेबलाच्या कडेला धरून तो हेल्मरच्या अगदी समोर गेला. "इकडे बघ. मी तुझ्याकडे बघतोय ना? सरळ बघतोय ना? तिथं तू नाहीस. धुकं आहे. तुझे कान दिसतात, आणि थोडी कॉलर. पुढच्या हिवाळ्यात तेही नाही. हा शेवटचा होता, आणि तू तो शरदापासून कापत आलास."

हेल्मर खुर्चीतून अर्धा उठला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

हेल्मरनं रोटरची पुडी त्याच्याकडे सरकवली.

मग सिक्स्टन दाराकडे वळला. "पेंटी. मी तुझं नाव घेतलं. चुकलो."

"फिनलंडच्या माणसावर नेहमीच आधी आळ येतो," पेंटी म्हणाला. आणि कोट काढला. "कॅन उघडू का?"

*

रोटर हेल्मरनंच बसवला. पेंटीनं अँटीफ्रीझ भरलं. बटण दाबल्यावर डुकरीण खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि मग तिच्या पोटातून एक जाड, गोड घरघर निघाली. छपरावरचं हिम धडधड खाली आलं.

सिक्स्टन चालकाच्या जागी चढला. स्टिअरिंगवरून दोन्ही तळवे फिरवले. हेल्मर खाली उभा होता, टोपी हातात.

"बस," सिक्स्टन म्हणाला. "पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मला बघायचंय."

गाडी काठावरून उतरली आणि बर्फावर गेली. पांढऱ्याशुभ्र तळ्यावर एक हिरवा ठिपका, लहान लहान होत जाणारा. गुनहिल्ड आणि पेंटी काठावर राहिले.

"अटक नाही करणार त्याला?" पेंटीनं विचारलं.

"मित्रानं मित्राचा हिवाळा चोरला. कुठलं कलम लावू?"

"आणि मंगळवारचं काय?"

"मला काय विचारतोस? माझ्याकडे तर कुणाकडे जायला बुधवारही नाही."

पलीकडच्या काठाशी ठिपका थांबला. खूप वेळ थांबला. कुणी उतरलं का, कुणी रडलं का, कुणी ओरडलं का, इतक्या लांबून काही कळत नव्हतं. फक्त धुराची एक बारीक दोरी सरळ वर चढत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा ठिपका वळला.

गुनहिल्ड बर्फावर थोडी पुढे चालत गेली. वाटेवर भुरभुर हिम साचलं होतं आणि त्यावर चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या. जातानाच्या खुणा नागमोडी होत्या, कुठं डावीकडे, कुठं उजवीकडे, एके ठिकाणी वाटेच्या कडेला घासून पुन्हा मध्यावर आलेल्या. जवळ येऊन गाडी तिच्या शेजारून पुढे गेली. गाडीमागं उमटलेली रेघ दोरी ताणून मारावी तशी सरळ होती.

गाडी कोठाराशी थांबली. चालकाच्या बाजूनं हेल्मर उतरला.

दुसऱ्या बाजूनं सिक्स्टन उतरला आणि अंगणात क्षणभर उभा राहिला. मग त्यानं हात पुढं केला, हवेत शोधला, आणि हेल्मरची बाही धरली.

दोघं घराकडे निघाले. हेल्मर हळू चालत होता आणि वाटेतला प्रत्येक चढ, प्रत्येक खड्डा, पायरीवरचा बर्फ मोठ्यानं सांगत होता. सिक्स्टन एकाही शब्दाला उत्तर देत नव्हता. पण बाही त्यानं सोडली नाही.