हणमंताच्या चपला

चुकली ना शेवटची मेट्रो? मी केव्हाचा सांगत होतो, निघा. आता ऋग्वेद, तू दिवाणावर झोप, क्षिप्राला काकूच्या खोलीत जागा आहे. करोल बागेतल्या तुमच्या त्या खुराड्यापेक्षा इथे, दिल्लीच्या या टोकाला द्वारकेत बरी झोप लागेल. लागली तर.

गोष्ट हवीच आहे? मग ऐका, पण ही रचलेली नाही. माझा पुतण्या सुधन्वा मानेसरला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये असतो, त्याच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. तो थापा मारणारा नाही. थापा मारायला कल्पनाशक्ती लागते, आणि आमच्या घराण्यातली ती सगळी माझ्याच वाट्याला आली.

काम साधं होतं. गेल्या वर्षी नवरात्रात मीच त्याला फोन केला, 'अरे, मागच्या गल्लीतल्या प्रमोदिनीची पिकअप आपोआप पळते म्हणतात, एकदा येऊन बघून जा.'

प्रमोदिनी म्हणजे हणमंताची बायको. हणमंत कराडकडचा. मानेसरच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग उचलायचे आणि करोल बागेतल्या दुकानांत पोचवायचे, हा त्याचा धंदा. पिकअप म्हणजे त्याचा जीव की प्राण. गाडीत बसताना चपला काढायचा, देवळात काढतो तशा. सीटमागे ठेवायचा आणि अनवाणी चालवायचा. कुणी बूट घालून ड्रायव्हरच्या जागेवर चढलं, तर त्याची गचांडी धरायचा. प्रमोदिनीला तर स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही.

आणि घरात? घरात हाच माणूस चपला घालून थेट ओट्यापर्यंत. ती ओरडायची, "अहो, निदान स्वयंपाकघरात तरी काढा!" हा नुसता हसायचा. दिवाळीच्या पाडव्याला ती औक्षणाचं ताट घेऊन उभी, आणि हा पाटावर चपलांसकट. बाहेर गाडी चालूच. ओवाळणी काय, तर "या वर्षी गाडीला नवीन सीट कव्हर घेतलंय, तूपण बसतेसच की!" ती जळायची. स्पष्टच सांगतो, जळायची. आमच्या कुमुदला, म्हणजे तुमच्या काकूला, एकदा म्हणाली, "काकू, सवत परवडली. सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात." काकूला ते लगेच पटलं. ती अजून माझ्या जुन्या स्कूटरचं नाव काढलं की तोंड वाकडं करते.

मग एका पहाटे हणमंताची गाडी मानेसरच्या रस्त्याकडेला उभी सापडली. इंजिन बोंबलत होतं. आत हणमंत. हार्ट अटॅक. उघडा पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवर तसाच दाबलेला होता.

वर्षभर गाडी धूळ खात पडली. मग जयेश आला. करोल बागेतल्या एका दुकानात कामाला होता, नाशिकचा, सालस मुलगा. तो गाडी चालवायला लागला, ही शेजारी बसून माल ताब्यात घ्यायला जायला लागली. रोज शेजारी बसणारी माणसं शेवटी एकमेकांकडे बघतातच. दिवाळीनंतर कोर्टात जाऊन लग्न करायचं, असं ठरलं. आधी चपला सरकतात म्हणून अनवाणीच चालवणाऱ्या जयेशनं नवे बूटही घेतले. मला आनंद झाला. त्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी सगळ्यांत आधी मान देत होतं.

आणि गाडी पळायला लागली.

जयेशचा पाय ब्रेकवर, तरी इंजिन वर वर चढायचं. दुसऱ्या वेळी ती डिव्हायडरवर जाऊन आदळली. जयेशचा हात मोडला. गल्लीत जो तो हेच म्हणायला लागला की हणमंताला बघवत नाही, बायको दुसऱ्याची होतेय ना. आता गंमत बघा. प्रमोदिनी घाबरली होती, रडत होती... पण हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच यायचं. काकूच्या ते बरोबर लक्षात आलं. "अहो, ती सुखावलीय," म्हणाली. बरोबर होतं. जन्मभर ज्यानं ढुंकून पाहिलं नाही, तो मेल्यावर का होईना, तिच्यासाठी जळत होता.

सुधन्वाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आला आणि सरळ गाडीखाली शिरला. पायाखालचं मॅट काढलं. सीटमागे हात घातला, तर हणमंताच्या चपला! कोल्हापुरी. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तांब्याच्या वायरीनं शिवलेला. दिवसकार्याच्या वेळी त्याचं सगळं वाटून टाकलं होतं, पण गाडीत कुणी बघितलंच नव्हतं.

"सापडलं भूत," सुधन्वा म्हणाला. "वहिनी, चपला पुढे सरकून पेडलवर अडकत असणार. बस, इतकंच."

चपला गाडीच्या मागच्या पेटीत बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सुधन्वानं स्वतः चालवली, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी पुन्हा उसळली. मग त्यानं अख्खं पेडलच बदललं. हल्लीच्या गाडीत पेडलला वायर नसते. सेन्सर असतो, तो इंजिनला सांगतो की पाय किती दाबलाय. तो सेन्सर खोटं बोलत असेल, असं त्याला वाटलं. नवं पेडल बसवलं, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "वहिनी, आज रात्री रस्ता मोकळा असेल, तेव्हा चालवून बघू. तुम्ही लॅपटॉप धरा."

ती खंडेनवमीची रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. दुपारीच प्रमोदिनीनं गाडीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती. हणमंत घालायचा, म्हणून. एअरपोर्टकडच्या त्या रुंद रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुधन्वा चालवतोय. शेजारी प्रमोदिनी, मांडीवर लॅपटॉप. दोन फेऱ्या झाल्या. काही नाही. गाडी अगदी गुणी पोरासारखी चालली.

तिसऱ्या फेरीला...

इंजिनाचा आवाज चढला. सुधन्वानं ब्रेक दाबला. एक पाय ब्रेकवर. दुसरा क्लचवर. पेडलवर कुणाचाच पाय नाही. आवाज चढतच गेला. काचा थरथरायला लागल्या. माळेतली फुलं गळून पडायला लागली.

"वहिनी, किती दाखवतंय?"

ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"वहिनी!"

"शंभर," ती म्हणाली. "पेडल... पूर्ण दाबलंय."

सुधन्वानं खाली बघितलं. पेडल जमिनीला टेकलं होतं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद. आणि मग, तो सांगतो, पेडल हळूच वर आलं. कुणीतरी पाय उचलावा तसं.

मग प्रमोदिनीनं पदर सारखा केला आणि समोरच्या काचेकडे बघून बोलायला लागली. सुधन्वाशी नाही.

"अहो... ऐकताय ना? एवढं होतं मनात, तर जिवंतपणी का नाही बोललात?" तिनं डॅशबोर्डवरून हात फिरवला. "राहू दे. नाही करत मी लग्न. तुमचीच आहे मी."

आणि तिथेच तिनं जयेशला फोन लावला. दोन वाक्यांत सगळं मोडलं. तो पलीकडून काहीतरी विचारत होता. तिनं फोन बंद केला. सुधन्वा म्हणतो, "काका, ती रडत होती आणि हसतही होती. लग्नातल्या नवरीसारखी दिसत होती."

"लाव आता गाडी," ती म्हणाली. "आता नाही पळणार."

त्यानं किल्ली फिरवली.

गाडी पहिल्यापेक्षा जोरात ओरडली.

प्रमोदिनीचा चेहरा... जाऊ दे. सुधन्वा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. बुटाला तेल लागलं होतं, पाय सटकायला लागला. त्यानं तसाच झटका देऊन बूट काढला. मग दुसरा.

इंजिन शांत झालं.

एकदम. जसं काही झालंच नव्हतं.

त्याला काय सुचलं कोण जाणे. त्यानं बूट परत चढवला. आवाज चढला. काढला. शांत. पुन्हा चढवला. पुन्हा काढला... डोक्यातला मेकॅनिक ऐकेना, बिघाड सापडला होता ना! उघडा पाय असला की गाडी ठीक. बूट असला की नाही. शेजारी कोण बसलंय, त्याचं लग्न कुणाशी ठरलंय, मोडलंय... कशाचा काही संबंध नव्हता.

मग त्यानं शेजारी बघितलं आणि त्याला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

प्रमोदिनी त्याच्या उघड्या पायांकडे बघत होती.

"म्हणजे माझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

सुधन्वानं हातातला बूट खाली ठेवला.

"मेल्यावर परत आले. तेही हिच्यासाठी." तिनं डॅशबोर्डवर थाड्कन हात मारला. "माझ्या स्वयंपाकघरात जन्मभर चपला घालून फिरला हा माणूस! मी जयेशला तोडलं रे आत्ता... हिच्यासाठी?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं गाडी भंगारात काढली. तशीही दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांवर चालू देत नाहीत, तिची ती भरत आलीच होती. सुधन्वाच घेऊन गेला, अनवाणी. ती बरोबर होती. भंगारवाल्याच्या आवारात तिनं मागच्या पेटीतून त्या चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या. "जा दोघं," म्हणाली. दोघांच्या देखत यंत्रानं गाडी दाबली. पत्र्याचा ठोकळा झाला, एवढासा. चपला आतच होत्या. सुधन्वानं हे मला शपथेवर सांगितलंय.

त्याच संध्याकाळी ती स्वतः करोल बागेत गेली, जयेशची माफी मागितली. भला पोरगा, लगेच तयार झाला. म्हणाला, "चलो, झालं गेलं विसरून जा." सगळं मार्गी लागलं होतं रे. अगदी सगळं.

मग पाडवा आला.

जयेश जेवायला आला होता, सुधन्वालाही तिनं आग्रहानं बोलावलं होतं. जयेशनं दाराबाहेर बूट काढले, पाटावर बसला. रात्रीचे नऊ वाजले होते. प्रमोदिनी नवी साडी नेसलेली. तिनं निरांजन लावलं, ताट उचललं...

बाहेर गाडी येऊन थांबली.

डिझेल इंजिन. जुनं. घरघरणारं. तिघांनीही तो आवाज ओळखला.

प्रमोदिनीचा हात तसाच हवेत. आवाज दारापुढेच. ती वाट बघत होती, सुधन्वा म्हणतो. पाडव्याला तो इंजिन कधीच बंद करायचा नाही ना...

इंजिन बंद झालं.

मग काहीच नाही. कडी वाजली नाही. पावलं नाहीत. फक्त निरांजनाची ज्योत एकदा आत वळली, दार उघडल्यावर वळते तशी. दार बंद होतं.

सुधन्वानं उठून कडी काढली. गल्ली रिकामी. गाडी नाही, माणूस नाही. खाली बघितलं. जयेशचे बूट होते. त्यांच्या शेजारी, भिंतीला नीट लावून ठेवलेल्या... कोल्हापुरी चपला. डावीच्या अंगठ्याला तांब्याची वायर. तोंडं घराकडे.

प्रमोदिनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. चपला बघितल्या. खूप वेळ बघितल्या. हातातलं ताट जरासुद्धा हललं नाही. मग वळली, आणि इतक्या मऊ आवाजात बोलली की सुधन्वाला तो आवाज तिचा वाटलाच नाही.

"जयेश... जरा पाटावरून ऊठ."

...

काय, क्षिप्रा? लग्न?

...

उद्या सकाळी मेट्रोला जाताना मागच्या गल्लीतून जा. तळमजल्यावरचं हिरवं दार. चपला तिथेच आहेत, तोंडं आतल्या बाजूला. त्या पाडव्यापासून त्या घालून कुणी बाहेर गेलेलं नाही.