टेबलावरचा चौदावा

"अहो, जेवलात का?"

दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेल्या तरुणाने मान वर केली. समोर एप्रन लावलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती, जिना धावत उतरल्याने धापा टाकत.

"नाही... का?"

"मग हात धुवा आणि वर चला. पास्ता गार होतोय."

तितिनाला खरं तर ओशाळल्यासारखं झालं होतं. पण करते काय? भाऊ एत्तोरे बायकोमुलाला घेऊन जर्मनीला गेला आणि रविवारच्या टेबलावर नेमके तेरा उरले. नेपल्समध्ये तेरा माणसं एका टेबलावर बसत नाहीत. इतके दिवस खालच्या मजल्यावरच्या बाई चौदाव्या म्हणून यायच्या, त्या आज लेकीकडे गेलेल्या. वर ब्रिजिदा आत्या पळी घेऊन उभी होती आणि काट्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

"तेरा जण जेवले तर काय होतं?" जिना चढताना त्याने विचारलं. नाव ओरेस्ते, गाव दूर उत्तरेतलं तोरिनो, नाकावर ग्रीस.

"काय माहीत? आमच्याकडे कुणी जेवून पाहिलेलंच नाही."

तो हसला. छान हसत होता मेला... तितिनाने उगाच जिन्याकडे पाहिलं.

टेबलावर त्याचं स्वागत जावयासारखं झालं. आत्याने त्याची बोटं निरखली. "दिवसभर लोखंडाला हात! लोखंडाला शिवलं की नजर पळते. तुला रे कुणाची लागणार?" पपांनी त्याला वाइन ओतली. दोन्ही जावयांच्या किल्ल्यांना नजर लागू नये म्हणून लटकवलेली बोटभर लाल शिंगं त्याच्या नजरेत भरली.

"ही कुठं मिळतात?" त्याने हळूच विचारलं.

"बाजारात ढिगाने मिळतात," तितिना म्हणाली, "पण स्वतः विकत घेतलेलं काम करत नाही. कुणीतरी द्यावं लागतं. पपा फक्त घरच्यांना देतात."

"आणि तेरा एवढा वाईट का?"

"तेरा फक्त टेबलावर. लॉटरीत तर शुभच. खरा वाईट तो सतरा... नावसुद्धा नको."

"आमच्याकडेही हॉटेलात सतरा नंबरची खोली नसते. पण लोक कबूल करायला लाजतात," तो म्हणाला. "तुम्ही उघड घाबरता. आवडलं मला."

पुढच्या रविवारी खालच्या बाई परत आल्या होत्या. तरीही तितिनाने ओरेस्तेला निरोप धाडला, बाईंचे गुडघे दुखतात म्हणून. बाईंचे गुडघे ठणठणीत होते. मग दर रविवारी तो येऊ लागला, बेकरीतल्या पेस्ट्रीचा पुडा घेऊन. बाहेर समुद्रावरचा वारा दोरीवरच्या चादरी फडफडवायचा, आत टोमॅटोच्या रश्श्याचा दरवळ, आणि तितिनाचे डोळे घड्याळावर.

"आज का आलात?" ती मुद्दाम विचारायची.

"चौदावा कमी पडेल ना तुमचा."

एवढंच. कधी तरी दुसरं काही म्हणेल म्हणून ती वाट पाहायची... आणि तो ब्रेडचा तुकडा मोडायचा.

वसंतात एत्तोरे कायमचा परतला. बायको, लहानगा मुलगा, मिठ्या, रडारड. तितिनाने खुर्च्या मांडता मांडता सहज मोजल्या आणि तिचा हातच थांबला. घरचे सोळा. ओरेस्ते आला की सतरा.

"जिन्यातून आणखी एकाला पकडून आण," आत्या म्हणाली. ती दार उघडते तो उंबऱ्यावर पेस्ट्रीचा पुडा. माणूस नाही. दार किलकिलं होतं; त्याने बाहेरूनच माणसं मोजली असणार.

तो खालच्या पायरीवर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

"अहो, असं निघून जातात का?" ती म्हणाली. "अठरावा शोधला असता मी."

"आणि मग मी कोण? आकड्याला जोडलेला आकडा?" तो तिच्याकडे बघत नव्हता. "तितिना, माझ्या गावी मी एकटा जेवायचो. कुणी मोजायचं नाही. तुमच्याकडे एक माणूस कमी पडलं तर अख्खं घर जिना धुंडाळतं. मला हेवा वाटायचा... पण तुम्ही मला बोलावलंत ते तेरासाठी. आता तेरा संपले. आज माझ्यामुळे उलट बिघडतं. आजही मी हवा आहे का?"

तितिना उरलेल्या पायऱ्या उतरली. मग ती त्याच्या शेजारी, अगदी खेटून बसली.

"बाईंचे गुडघे दुखत नव्हते," ती म्हणाली. "कधीच नाही. तेरा असो, सतरा असो... मला तू हवा आहेस. कळलं?"

'तू' ऐकून त्याचे कान लाल झाले. "मी पास्त्यासाठी येत नव्हतो," तो पुटपुटला. "तुझ्यासाठी येत होतो. पास्ता... चांगला असतो, ते वेगळं."

ती हसत हसतच रडली.

बाहेर, वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली आणि इमारतीच्या दारासमोर हेलकावत थांबली. गच्चीतून पपांचा आवाज आला, "तितिना! इथं आम्ही पंधरा आहोत, झकास चाललंय. वर यायची घाई नको."

टोपलीत झाकलेल्या दोन ताटल्या होत्या. रुमालाखाली एक लाल शिंग होतं, नवं कोरं.

ओरेस्तेने ते तळहातावर घेतलं. मग त्याने ते शर्टाच्या खिशात, डाव्या बाजूला ठेवलं, तितिनाचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने जिन्याचा लोखंडी कठडा घट्ट धरला.

"तुझा तर विश्वास नाही ना?" ती म्हणाली.

"काल नव्हता," तो म्हणाला. "काल गमवायला काही नव्हतं."