पुंता रोन्काला येण्याची सात कारणं

पुंता रोन्का पाहिल्याशिवाय माणसाचा जन्म पूर्ण होत नाही. हे वाक्य एर्सिलियाबाईंनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेल्यांपैकी एकानेही आजवर जन्म पूर्ण करायला परत यायची तसदी घेतली नव्हती, हे त्यांनी लिहिलं नाही.

बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका आणि गावाच्या पर्यटन मंडळाच्या अध्यक्षा. मंडळात आणखी दोघे होते, त्यातल्या एकाला ऐकू येत नसे. कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावरचं हे गाव रेल्वेच्या एका थांब्यावर तगून होतं आणि रेल्वेचं पत्र आलं होतं. सप्टेंबरात चर्चमधल्या माउलीच्या उत्सवाला निरीक्षक येईल. दिवसभरात दोनशे माणसं उतरली नाहीत, तर थांबा बंद. थांबा गेला की शाळेला जाणारी नऊ मुलं जाणार, त्यांच्यामागे आईबाप, आणि मग उरणार बाई, पाद्री आणि मांजरं.

म्हणून सात कारणं. लाल कांदा, खारवलेल्या मासोळ्या, समुद्रातल्या ज्वालामुखीमागे बुडणारा सूर्य, अशी सहा भरली. सातवं सुचेना. शेवटी बाईंनी लिहिलं, ‘इथे तुम्हाला सगळे ओळखतात.’

उत्सवाला दोन दिवस असताना बाई छापखान्यात गेल्या आणि सात कारणांचा छापलेला कागद त्यांनी उजेडात धरला.

“गाएतानो, ह्याला काळी चौकट कशाला?”

“दुसरा कागदच नाही, बाई. अकरा वर्षांत कुणी मेल्याशिवाय माझी पायरी चढलंय कोण?”

“आणि वर क्रूस?”

“तो साच्यातच आहे.”

“खाली ‘फुलं आणू नयेत’?”

“हात सवयीने गेला.”

“अरे, हे नापोली शहरात लावायचे होते! तिथल्या भिंतींवर आता आपल्या गावाची मयत लागणार!”

“नापोली?” गाएतानोने खळीची बादली खाली ठेवली. “मी तर लावून आलो. साठच्या साठ. नेहमीच्या जागी.”

नेहमीची जागा म्हणजे दफनभूमीची भिंत. गावचा माणूस टोरोंटोत मरो की बेल्जियमच्या खाणीत, त्याच्या मरणाचा कागद त्याच भिंतीवर लागायचा. तिथून जाणंयेणं असं कुणाचंच नसे.

उत्सवाच्या सकाळी निरीक्षक फलाटावर खुर्ची टाकून बसला. हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र. दहाची गाडी आली. दोनच डबे होते. दारं उघडली आणि माणसं उतरू लागली.

उतरतच राहिली.

यंत्र टकटक वाजत होतं. चार वाद्यांच्या बँडने येत होती ती एकुलती एक धून सुरू केली. माणसांच्या अंगावर जाड ओव्हरकोट होते, ऊन मी म्हणत असताना. काहींच्या खांद्यावर बर्फ होता. तो वितळत नव्हता. कुणी वाट विचारली नाही. चौकातली विहीर तीस वर्षांपूर्वी बुजवून वर फरशी घातलेली. त्या फरशीला सगळे वळसा घालून गेले.

एक चाळिशीचा माणूस बाईंसमोर थांबला. त्याच्या पापण्यांत कोळशाची पूड होती.

“कुणाची गं तू?”

बाईंना अडुसष्टावं लागलं होतं. “मोची सावेरियोची,” त्या म्हणाल्या.

“थोरली! नाक त्याचंच घेतलंस, दुर्दैव तुझं. केवढी झालीस!” तो हसत कांद्याच्या टेबलाकडे गेला.

गाएतानोने बाईंची बाही धरली. “बाई, हा रोक्को. मी शिकाऊ होतो तेव्हा पहिला कागद छापला तो ह्याचा. बेल्जियमची खाण.”

बाईंनी बाही सोडवून घेतली.

“गाडीतून उतरला ना?”

“उतरला.”

“साहेबांनी मोजला?”

“मोजला.”

“मग तोंड मीट आणि कांदे चीर.”

दुपारच्या गाडीतूनही तेवढेच उतरले. तीन वाजता निरीक्षकाने आकडा जाहीर केला. चारशे बारा. थांबा कायम! घंटा वाजल्या. मेयर रडला. नऊ मुलांनी फलाटावर कोलांट्या मारल्या. बाईंना खांद्यावर घ्यायची सूचना आली आणि त्यांच्याकडे एकवार बघून मागे घेतली गेली. बाई कठड्याला टेकून बघत होत्या. गावातली वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी न् खिडकी उघडी होती आणि प्रत्येकीत कुणीतरी उभं होतं.

साडेचारला शेवटची गाडी आली. निरीक्षक गळ्यात कांद्याची माळ घालून उभा होता. त्याने फलाटावर डावीउजवीकडे पाहिलं.

“बाकीचे?”

“नियमात चढणारे मोजायचे आहेत का, साहेब?”

“नाही. फक्त उतरणारे.”

“मग या सावकाश.”

बाईंनी रुमाल हलवला. बँडने तीच धून पुन्हा वाजवली. त्या दिवशी पुंता रोन्काहून गाडीत चढलेले प्रवासी: एक.